अमेरिकेचा पेपर आणि मुलींचा जिना

आमच्या कॉलेजच्या इमारतीला दोन जिने होते. एक पोर्चमधून वर जाणारा, ऐसपैस, गुळगुळीत पायऱ्यांचा. दुसरा इमारतीच्या पाठीमागे, लेडीज कॉमन रूमला चिकटून, अरुंद आणि अंधारा, खाली लोखंडी जाळीचं दार असलेला. पहिला मुलांचा आणि प्राध्यापकांचा, दुसरा मुलींचा. पोर्चमध्ये भिंतीवर निळ्या अक्षरांची पाटी होती, ‘विद्यार्थिनींनी या जिन्यावरून ये-जा करू नये.’ हे कोणी, कधी आणि कशासाठी लिहिलं असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळी हकीकत सांगायचा. कोणी म्हणे, पूर्वी एकदा मुलींच्या अंगावर शाई उडवली होती. कोणी म्हणे, एका ट्रस्टींच्या मुलीला बघून कुणीतरी शीळ घातली होती. शीळ त्याने घालायची आणि मागच्या जिन्याने आम्ही जायचं, हा न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि आता केस पांढरे झाले तरी कळलेला नाही.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं, अंधेरीतलं. आता जुन्या मैत्रिणी भेटल्या की कॉलेजच्या दिवसांबद्दल हळव्या होतात. कँटीनमधला वडा, डेजच्या दिवशी नेसलेल्या साड्या, बसस्टॉपवरच्या गप्पा. मलाही ते सगळं आवडायचं, नाही कशाला म्हणू? पण मला सगळ्यात आधी आठवतं ते मागच्या जाळीचं कुलूप.

संध्याकाळी साडेपाचला कॉमन रूम सांभाळणारी बाई घरी जायची आणि जाताना मुलींच्या जिन्याला कुलूप घालून किल्ली कॉमन रूममधल्या खिळ्याला अडकवायची. अभ्यासिका होती सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि ती आठ वाजेपर्यंत उघडी असायची. आता यातली गंमत बघा. मुलींनी संध्याकाळी अभ्यासिकेत बसू नये असा नियम कुठेही नव्हता. उलट आमचे उपप्राचार्य स्नेहसंमेलनाच्या भाषणात छाती पुढे काढून सांगायचे की आमच्याकडे मुलगा-मुलगी असा भेद नाही, अभ्यासिका सर्वांना खुली आहे. खुली होतीच. फक्त साडेपाचनंतर मुलींना तिथून खाली उतरायला जिना नव्हता. त्यामुळे पाच वाजून गेले की मुली वह्या आवरायला लागायच्या, आणि आपल्याला कुणी हाकलतंय असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही.

माझ्या मनात यायचं, कारण मला दुसरीकडे जागाच नव्हती. आम्ही मरोळला चाळीत एका खोलीत राहायचो. बाबा आधी गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडल्यावर काही महिने कोकणात गावी जाऊन राहिलो, मग एका नातेवाइकाच्या ओळखीने बाबांना मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं खोक्यांत भरण्याचं. आई घरी टिकल्यांची पाकिटं भरायची. धाकटे भाऊ, पाहुणे, टिकल्यांचे गठ्ठे आणि शेजाऱ्यांचा टीव्ही, जो त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त ऐकू यायचा. सकाळी माझे तास असायचे, दुपारी मी वसाहतीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, कारण माझी फी मीच भरत होते. त्या आटोपून परत कॉलेजला पोचेपर्यंत पाच वाजायचे. म्हणजे मला अभ्यासाला मोकळा वेळ मिळायचा तेव्हाच तिथे कुलूप लागायचं. टीवायचं वर्ष होतं. चांगला वर्ग मिळाला तर पुढे एम.ए.ला जाता येणार होतं, नाहीतर आईने एका मावशीला स्थळं बघायला सांगून ठेवलेलंच होतं.

इतिहासाच्या सहा पेपरांत एक अमेरिकेचा इतिहास होता आणि तो उपप्राचार्य स्वतः शिकवायचे. सर अमेरिकेला कधी गेलेले नव्हते, पण बोलायला लागले की वाटावं, कालच तिथून परतलेत. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या तो भाग तर ते असा रंगवायचे की वर्गात बसल्या बसल्या आमचे हात शिवशिवायचे. अन्याय्य कायदा पाळणं हाही अन्यायच, असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे. तास संपला की मुलं पुढच्या जिन्याने उतरायची आणि आम्ही मागच्या. सरांना यात काही विसंगत वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

प्रत्येकाने एक ट्युटोरियल लिहून वर्गात वाचून दाखवायचं असायचं. यादवी युद्ध, गुलामगिरी, महामंदी असे चमचमीत विषय आधी आलेल्यांनी उचलले. शिकवणीमुळे मी उशिरा पोचले, तेव्हा माझ्यासाठी उरलं होतं, ‘विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थी-जीवन’. बोरीवलीची माझी मैत्रीण म्हणाली, ‘काय बोअर विषय मिळालाय गं तुला. त्यात आहे काय?’ मलाही तसंच वाटलं होतं.

ग्रंथालयात काचेच्या कपाटात कुणीतरी देणगी दिलेली जुनी इंग्रजी पुस्तकं होती. त्यांना कधी कुणी हात लावायचं नाही. त्यात एक जाडजूड, वाळवीने कडा खाल्लेलं पुस्तक निघालं, अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दलचं, भरपूर फोटो असलेलं. माझी समजूत होती की अमेरिकेतले विद्यार्थी म्हणजे मोटारीतून फिरणारी, मनाला येईल ते करणारी माणसं असणार. पुस्तकात भलतंच होतं. नव्याने आलेल्या मुलांना सीनियर मुलं छोट्या छोट्या गोल टोप्या घालायला लावायची, आणि न घालणाऱ्याची खैर नसायची. गरीब मुलं भोजनगृहात वाढप्याचं काम करून, ताटं विसळून फी भरायची. कुणाला घरची आठवण येऊन झोप लागायची नाही, कुणाला जेवण गिळवत नसायचं, कुणाला परीक्षेची धडकी. आणि मुली? त्यांच्या वसतिगृहावर एक देखरेख करणारी बाई असायची. कुठे जाताय, कुणाबरोबर, कधी परत येणार, सगळं तिला सांगून जायचं. संध्याकाळनंतर बाहेर राहायचं नाही. कोणी भेटायला आलं तर दिवाणखान्यात, दार उघडं ठेवून. त्यांनाही कुणीतरी म्हटलं असणार की हे सगळं तुमच्याच काळजीपोटी आहे. ती पानं वाचताना मला त्या पाऊण शतक आधीच्या गोऱ्या मुलींबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला. वर्गातल्या काही मुलींबद्दल वाटायचा त्याहून जास्त.

एक फोटो मी पुन्हा पुन्हा काढून बघायची. कॉलेजच्या भल्यामोठ्या दारासमोरच्या रुंद पायऱ्यांवर एका वर्गाच्या मुली ओळींनी बसल्या आहेत. बंद गळ्याची पांढरी पोलकी, घोट्यापर्यंतचे झगे, मांडीवर पुस्तकं. सगळ्या सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत. पायऱ्यांची सगळी रुंदी त्यांनी व्यापलेली होती. कुणी वर जायचं म्हटलं असतं तर त्यांना विचारूनच जावं लागलं असतं.

मी ट्युटोरियल लिहिलं आणि शेवटी एक परिच्छेद माझ्या मनाचा घातला. त्या मुलींना संध्याकाळी वसतिगृहात आत यावं लागे, आम्हाला संध्याकाळी अभ्यासिकेतून बाहेर जावं लागतं. त्यांच्यावर बाई होती, आमच्यावर कुलूप आहे. त्यांचं कुलूप पुढे उघडलं, तेव्हा आमचंही उघडायला हरकत नसावी. वाचायच्या आधी सरांनी कागद चाळले होते आणि त्या परिच्छेदावर लाल रेघ मारून म्हणाले होते की हा भाग इतिहासात बसत नाही, तो गाळून वाच. मी वर्गात उभी राहिले, शेवटपर्यंत आले आणि तो परिच्छेद नाकावर टिच्चून वाचला. मागच्या बाकांवर हशा पिकला, टाळ्याही पडल्या. सर हसले नाहीत. विषयांतर करू नये, एवढंच म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

मला राग आला तो त्या रेघेचा नाही. बोस्टनचा चहा इतिहासात बसतो आणि आमचा जिना बसत नाही, याचा आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. त्याच संध्याकाळी मी अभ्यासिकेत बसून राहिले. साडेपाच झाले, मुली उठल्या, मैत्रिणीने माझी ओढणी ओढली, मी जागची हलले नाही. खाली कुलूप लागल्याचा आवाज आला. आठ वाजता अभ्यासिका बंद झाली तेव्हा मुलांबरोबर मी पुढच्या जिन्याने, मधोमध चालत उतरले. शाई उडाली नाही की शीळ आली नाही. एकाने तर बाजूला होऊन वाट दिली. पोर्चमध्ये मात्र सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि उद्या वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलं.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आले. शाळेत असल्यापासून माझ्या एकाही शिक्षकाला ते भेटलेले नव्हते. ऑफिस, टेबल, पंखा, पाटी लावलेला दरवाजा असं काही दिसलं की ते चपला बाहेर काढायचे. तिथेही काढल्या. सरांनी त्यांना बस म्हटलं नाही. समोर खुर्च्या होत्या, तरी म्हटलं नाही. सर म्हणाले की तुमची मुलगी हुशार आहे म्हणूनच सांगतोय, वेळीच आवरा, उद्या हिचं काही भलतंसलतं झालं तर कॉलेज जबाबदार नाही. मुलांच्या घोळक्यातून रात्रीची उतरते, लोक काय बोलतील? बाबांनी हात जोडले.

‘चूक झाली साहेब. परत नाय होणार.’

‘चूक झालेली नाही, सर,’ मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरांनी त्यांच्याकडे बघूनच सांगितलं की लेखी माफी देईपर्यंत हिला अभ्यासिकेत प्रवेश नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, कधीच नाही. आतापर्यंत मला संध्याकाळची जागा नव्हती, आता कुठलीच राहिली नाही. परीक्षा समोर येऊन ठेपलेली.

 घरी आईने सगळं ऐकलं आणि टिकल्यांचं पाकीट हातात तसंच धरून भडकली. ती माझ्यावर भडकली असं मला वाटलं होतं, पण ती बाबांना आमच्या मालवणीत म्हणाली, ‘घरात जागा नाय, थंय जागा नाय, मगे चेडवान वाचूचा खंय?’ पोरीने वाचायचं कुठे, हाच तिचा प्रश्न होता. जेवणं झाली, भाऊ खेळायला गेले, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले.

‘माफी मागूची नसात तर मागू नको,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘पण माका परत थंय उभो करू नको.’

मला त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. गिरणीच्या गेटवर पोलिसांसमोर घोषणा देणारा माझा बाप एका टेबलासमोर अनवाणी उभा राहिला होता, आणि ते माझ्यामुळे. तसं नाही. त्या टेबलामागच्या माणसामुळे. हा फरक मी तेव्हाच मनाशी पक्का केला आणि अजून सोडलेला नाही. माफी तर मी मागणारच नव्हते. पण आता नुसतं माझ्या जागेचं राहिलं नव्हतं. असं काहीतरी करायचं होतं की मला वाचायला जागाही मिळेल आणि बाबांना परत बोलावणंही येणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही अशातला भाग नाही. छान लागली. सकाळी उठले तेव्हा डोक्यात तो फोटो होता.

त्या संध्याकाळी मी साडेपाचला पोर्चमध्ये गेले आणि पुढच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसले. तिथे ट्यूबलाइट होती, वारा होता, आमच्या खोलीपेक्षा कितीतरी चांगली जागा. माझी बोरीवलीची मैत्रीण समोर उभी राहून बघत होती. तिचे वडील बँकेत होते, घर सोसायटीतलं, तिला स्वतःचं टेबल होतं आणि टेबलावर दिवाही. तिला या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं.

‘तुझी वाट लागणार आहे,’ ती म्हणाली. ‘आणि तुझ्यापायी माझी पण.’ मग ती पायरी रुमालाने पुसून माझ्या शेजारी बसली.

पहिले एक-दोन दिवस करमणूक झाली. मुलं भिंतीच्या कडेने वर जाताना टोमणे मारायची. एकाने माझ्या पुस्तकावर नाणं टाकलं. मी ते उचलून कंपासपेटीत ठेवलं, थँक्यू म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. शिपायाने येऊन विचारलं की इथे कशाला बसलात, तर सांगितलं, अभ्यासाला. पाटीकडे बोट दाखवलं त्याने. पाटीवर ये-जा करू नये असं होतं. आम्ही येत नव्हतो की जात नव्हतो. तो बिचारा डोकं खाजवत निघून गेला.

मग सायन्सच्या मुली आल्या. त्यांची प्रॅक्टिकल्स उशिरा संपायची आणि वर जायला वेळच उरायचा नाही. घाटकोपरहून बस बदलत येणारी एक मुलगी होती, तिच्या घरी दोन काकांची कुटुंबं एकत्र राहायची. ती म्हणाली, ‘मला वाटायचं माझ्याच घरी जागा नाही, म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही कधी.’ तसं म्हणणाऱ्या मग बऱ्याच निघाल्या. प्रत्येकीला वाटत होतं की ही आपल्याच घरची लाजेची गोष्ट आहे. खालच्या पायऱ्या भरल्या, मग मधल्या भरल्या, आणि परीक्षेच्या आधीच्या त्या दिवसांत ओळी वळणापर्यंत पोचल्या. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, घोषणा नाहीत, काही नाही. एकमेकींचं पाठांतर घ्यायचं ते पण कुजबुजत. सगळं कॉलेज शोधून इतकी शांत जागा सापडली नसती.

आणि तेव्हा मुलांची पंचाईत झाली. वर अभ्यासिकेत जायचं तर आमच्या मधून जावं लागणार. पाय ठेवायला जागा शोधावी लागणार, कुणाची वही, कुणाची ओढणी, कुणाचा हात. चुकून धक्का लागला आणि कुणी तक्रार केली तर त्याचं नाव सरळ सरांकडे. मुलींना धक्का लागू नये म्हणूनच तर जिने वेगळे केले होते. आता धक्का न लावता वर जायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या गळ्यात पडला. आम्ही त्यांना अडवलं नाही. कुणी विचारलं असतं तर सरकलोही असतो. पण विचारायची सवय नव्हती त्यांना. ती खाली पोर्चमध्ये घोळका करून उभी राहिली.

सर आले ते या घोळक्यातून वाट काढत. मुलं त्यांना म्हणायला लागली की सर, परीक्षा आलीय, आम्हाला वर जाऊ द्या. त्यात टवाळी नव्हती, परीक्षा त्यांनाही होती. सर पायरीच्या टोकाशी आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले. सगळ्या मुलींची डोकी पुस्तकातून वर आली.  मी उठून उभी राहिले, कारण शिक्षक समोर आले की उभं राहायचं एवढं मला शिकवलेलं होतं.

‘उद्या वडिलांना घेऊन ये,’ ते म्हणाले.

हेच येणार हे मला माहीत होतं. गेले कित्येक दिवस मी याचीच वाट बघत होते.

‘ते येणार नाहीत, सर.’

‘म्हणजे?’

‘त्यांचा यात काही संबंध नाही. ते कामावर जातात. मी सज्ञान आहे, माझी फी मी भरते. जे बोलायचं ते माझ्याशी बोला. आत्ता बोला, मी उभी आहे.’

सर बोलले नाहीत. त्यांना बोलता येईना असं मी म्हणणार नाही, वक्तृत्वात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलीशी तिच्या वडिलांना मध्ये न घेता बोलून पाहिलेलंच नव्हतं. सुरुवात कशी करायची हेच त्यांना कळत नव्हतं, आणि आजूबाजूला सगळं कॉलेज बघत होतं. मी वाट बघत राहिले. माझ्या मागे मैत्रीण उठून उभी राहिली, मग घाटकोपरची, मग एकेक करत सगळ्याच. कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

‘सर, मागचा जिना उघडा ना,’ घोळक्यातून एक मुलगा वैतागून म्हणाला. ‘आम्ही तिकडून जातो.’

सरांनी बाकी कुणाकडे न बघता शिपायाला खूण केली. शिपाई कॉमन रूममध्ये गेला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि जाळी उघडली. आणि कॉलेजची मुलं, खाली माना घालून, एकामागून एक, लेडीज कॉमन रूमच्या दारावरून मुलींच्या जिन्याने वर गेली. आम्ही त्यांच्या जिन्यावर उभ्या राहून ती रांग मागच्या बाजूला वळताना बघत होतो. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्यांनाच आवरेना. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. सर ऑफिसकडे निघून गेले.

आठ वाजता मुलांना खाली यायचं होतं, म्हणून जाळी आठपर्यंत उघडी ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशीही ठेवावी लागली. ज्या जिन्याने मुलं चढतात-उतरतात तो मुलींचा कसा राहणार, आणि पलीकडचा मुलांचा कसा राहणार? कुणी सूचना लावली नाही, नियम रद्द झाला असं कुणी म्हटलं नाही. काही मुली म्हणाल्या की चला, आता मागचं दार आठपर्यंत उघडं असतं, आपण जिंकलो, तिकडून जाऊ या. मी म्हटलं, तुम्ही जा, तुमचा हक्क आहे. मी मात्र पुस्तकं उचलली आणि त्या निळ्या अक्षरांच्या समोरून, पुढच्या जिन्याने, वर गेले. अभ्यासिकेच्या क्लार्कने मला पाहिलं. मला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. त्याने परत वर्तमानपत्रात डोकं घातलं आणि मी खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले. माफी मी लिहून दिली नाही, कुणी परत मागितलीही नाही. सरांनी अमेरिका शेवटपर्यंत शिकवली, फक्त माझ्याकडे बघायचं टाळून.

त्या दिवशी जाळी उघडल्यावर मी घरी गेले तेव्हा बाबा जेवत होते. मी आईला सगळं रंगवून सांगितलं. सर कसे गप्प झाले, मुलं कशी खाली मान घालून गेली. आई पोट धरून हसत होती, भाऊ मला परत परत सांगायला लावत होते. मी फुशारले होते. मोठी लढाई मारून आल्याचं माझ्या अंगात भिनलं होतं. बाबा भात कालवता कालवता सगळं ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

‘माका परत बोलवल्यानी नाय मां?’

‘बोलावलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं.’

त्यांचा हात ताटातच थांबला. ‘नाय म्हणान सांगितलंस? साहेबाक?’

‘हो.’

‘आणि तो गप रवलो?’

‘गप्प राहिला.’

 बाबा हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. ताट पुढे सरकवून ते उठले, हात धुतले आणि खुंटीवरच्या खाकी शर्टाच्या खिशातून दोन लिमलेटच्या गोळ्या काढून माझ्या हातात ठेवल्या, लहानपणी पगाराच्या दिवशी ठेवायचे तशा.  आमच्या घरात कुणी कुणाला शाबासकी देत नसे. मी त्या गोळ्या तिथेच कडाकडा चावून खाल्ल्या, आणि त्यानंतर माझ्यासाठी माझ्या बापाला जगात कुणापुढेही हात जोडावे लागले नाहीत. मी ते होऊच दिलं नाही.